साक्ष घराबाहेर, ताबा घरात

कोकणात चोराला घाई नसते. गणपती आटोपून माणसं मुंबई-पुण्याला परतली की कितीतरी घरांना कुलूप लागतं, ते शिमग्याला निघतं, नाहीतर थेट मे महिन्यात. मधल्या काळात मागच्या पडवीची कौलं सरकवून कोणी आत उतरलं आणि माळ्यावरचे हंडे, घंगाळं, तांब्याचा बंब, पोत्यात भरून ठेवलेली सुपारी, विहिरीवरचा पंप असं सगळं सावकाश बाहेर काढून नेलं, तरी कळणार कोणाला? घरच्या माणसाला ते दार उघडल्यावर कळतं. मग पोलिसांचा पहिलाच प्रश्न असतो की चोरी कधी झाली, आणि तिथेच तो निरुत्तर होतो.

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत एका घरी कॅमेरे होते. चांगले वायरी ओढून, चारी कोपऱ्यांना बसवलेले. सगळं रेकॉर्डिंग टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेल्या डीव्हीआरमध्ये साठायचं. चोरांनी भांडी नेली आणि जाताना तो डीव्हीआरही उचलला. कॅमेरे भिंतीवर जसेच्या तसे. त्या घरचे काका मला म्हणाले, "सगळं दिसलं असतं गो, पण बघायचं कशात?"

क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरला, जोडलेल्या कॅमेऱ्याचं महत्त्व मला या एका वाक्यात कळलं. जाहिरातींमधून कळलं नव्हतं. जाहिरातीत कायम एक हसरं कुटुंब फोनकडे बघत असतं आणि घराचं दार सोसायटीतलं, गुळगुळीत पॉलिशचं असतं. खरा मुद्दा साधा आहे. घरात जे घडलं त्याची साक्ष घरातच ठेवली, तर ती भांड्यांबरोबर जाते. ती घराबाहेर, चोराचा हात पोचणार नाही अशा जागी गेलेली हवी, आणि तीही लगेच.

हे कॅमेरे नेमकं करतात काय, तेही सांगते, कारण विकणारा ते नीट सांगत नाही. आमच्याकडचा कॅमेरा दिवसभर सगळं वर पाठवत बसत नाही. तसं करायचं म्हटलं तर सेकंदाला एक मेगाबिट एवढ्या माफक दरानेही दिवसाला जवळजवळ ११ जीबी आणि महिन्याला सव्वातीनशे जीबी होतात. गावातल्या जोडणीला ते झेपणार नाही. म्हणून समोर हालचाल झाली की तेवढ्याच सेकंदांची क्लिप कापून तो वाय-फायवरून दूरच्या सर्व्हरवर धाडतो आणि आमच्या फोनवर सूचना येते. चोराने नंतर कॅमेरा फोडला तरी फोडण्यासाठी त्याला त्याच्या जवळ यावं लागतं, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट चेहरा बहुधा तेव्हाच टिपला जातो. कॅमेरा दोन-तीन हजारांचा. तो गेला तर गेला.

ही गरज आजची नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक नर्स राहायची. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, रात्री-अपरात्री ती घरी एकटी असायची, आणि त्या वस्तीत बोलावलं तरी पोलीस वेळेवर येत नसत. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांनी मिळून एक यंत्रणा आखली आणि १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते डिसेंबर १९६९ मध्ये मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, शेजघरात पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, दाराची कडी लांबून काढायची सोय आणि संकटात दाबायचं बटण. आजच्या डोअरबेल कॅमेऱ्यात आपण जे विकत घेतो, ते बहुतेक सगळं तिच्या आराखड्यात होतं. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट: पडदा तिच्या खोलीत होता आणि बटण तिच्या हाताशी होतं. जी बाई घरात एकटी राहते, तिच्याच ताब्यात ती सगळी यंत्रणा होती. आपल्याकडे कॅमेरे बसवताना नेमकं हेच विसरलं जातं.

आमचं घर सामाईक आहे. उत्तरेकडच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर काकूचं. काका गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते. बाकीचा भाग आमचा आणि थोरल्या काकांच्या मुलांचा, म्हणजे वर्षातला बराच काळ बंद. काकूचा मुलगा, माझा चुलत भाऊ, पुण्यात, मी ठाण्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं तेव्हा टाळेबंदी चालू होती. दापोली-मंडणगडकडे माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद. काकूचा आवाज ऐकायला आम्हाला कित्येक दिवस थांबावं लागलं. आपण घराकडे बघू शकत नाही, ही जाणीव त्या दिवसांत जितकी टोचली तितकी आधी कधी टोचली नव्हती. पुढे कॅमेऱ्याचा विषय निघाला तो तिथूनच.

पण तेव्हा कॅमेरा असता तरी तो आंधळाच झाला असता. क्लाउड म्हटलं की काहीतरी आभाळातलं, अधांतरी वाटतं. प्रत्यक्षात ते महावितरणच्या खांबावर आणि केबलवाल्याने झाडाझाडांवरून नेलेल्या एका काळ्या वायरीवर टांगलेलं असतं. पावसाळ्यात आमच्याकडे दोन्ही जातात. म्हणून आम्ही राऊटर आणि कॅमेरे दोन्ही चालतील असा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बसवला, आणि कॅमेऱ्यातही मेमरी कार्ड ठेवलं. इंटरनेट नसेल तेव्हा चित्रण निदान तिथे राहतं. कॅमेरा बंद पडला की ॲपवर तसं दिसतं, आणि ही बातमीही कमी नाही. आख्ख्या वाडीची वीज गेलेली असेल तर ठीक; फक्त आपलाच कॅमेरा गप्प झाला असेल तर शेजारी फोन करायचा.

गणपतीत सगळे जमले असताना कॅमेरे कुठे लावायचे यावर बोलणं झालं. दादाला, म्हणजे काकूच्या मुलाला, ओटीवर एक, माजघरात एक आणि बाहेर चारी बाजूंना हवे होते. त्याची काळजी खरी होती. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात, रात्री उठावं लागतं. काकूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओटीवर बसून मी केस विंचरते. तेही तू पुण्यात बसून बघणार का रे?" दादा काहीच बोलला नाही. मग ठरलं की घराच्या आत एकही नको. एक कॅमेरा अंगणाकडे आणि बेड्याकडे, म्हणजे अंगणाच्या फाटकाकडे, तोंड करून, दुसरा मागीलदारी, विहीर आणि परड्याच्या, म्हणजे मागच्या बागेच्या, बाजूला. शेजारच्यांचं न्हाणीघर आणि कपडे वाळत घालायची जागा मागच्या कॅमेऱ्याच्या कडेला येत होती. ॲपमध्ये चित्राचा तेवढा भाग झाकून टाकता येतो, तो झाकला आणि शेजारच्या वहिनींना बोलावून फोनवर दाखवला. फाटकावर कॅमेरा असल्याची पाटी लावली, कारण सुपारी सोलायला आणि गवत काढायला येणाऱ्या बायकांनाही आपण टिपले जातोय हे माहीत असायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुख्य खातं काकूच्या फोनवर काढलं. आम्हा बाकीच्यांना तिने बघण्यापुरती परवानगी दिलेली आहे, आणि ती कधीही काढून घेऊ शकते. कॅमेरा बंद कसा करायचा हे दादाच्या मुलीने तिला शिकवलं. बहुतेक घरांत उलट असतं. खातं मुलाचं, आणि आई ज्या घरात राहते तिथल्या कॅमेऱ्याचा पासवर्डही तिला ठाऊक नसतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, मग मुलगा कितीही मायाळू असो.

कोलकात्याच्या एका खटल्यात असाच प्रश्न आला होता. एका मोठ्या वडिलोपार्जित घरात भावाने दुसऱ्या भावाच्या संमतीशिवाय राहत्या भागात सीसीटीव्ही बसवले. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटलं की असं करणं हा दुसऱ्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही हा निकाल कायम राहिला. आमच्याकडे कोकणात सामाईक घरं आणि भाऊबंदकी दोन्ही भरपूर. पडवी कोणाची आणि अंगण कोणाचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. तिथे एकाने दुसऱ्याच्या दारावर डोळा लावून ठेवला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. कॅमेरा लावण्याआधी सामाईक घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवणं हे वायर ओढण्याआधीचं काम आहे.

आता त्या कॅमेऱ्यांनी काय दाखवलं ते सांगते. पहिले काही आठवडे मुख्यतः कोळी. रात्री कॅमेरा अंधारात बघण्यासाठी इन्फ्रारेड दिवे लावतो, त्यांच्याजवळ किडे जमतात, किड्यांमागून कोळी येतो आणि भिंगासमोरच जाळं विणतो. आपल्या डोळ्यांना ते जाळं दिसतही नाही, पण कॅमेऱ्याला ते पांढरंशुभ्र, जाडजूड दोरांचं दिसतं. वाऱ्याने एक धागा हलला की सूचना, पाऊस पडला की प्रत्येक थेंबाची रेघ आणि पुन्हा सूचना. एका पावसाळी रात्री फोन इतका वाजत राहिला की दादाने सूचनाच बंद करून टाकल्या, आणि हे धोक्याचं आहे. खोट्या हाकांना कंटाळलेला माणूस खऱ्या हाकेलाही उठत नाही. शेवटी काकूनेच उपाय काढला. काठीला फडकं बांधून ती दर दोन-चार दिवसांनी कॅमेऱ्याभोवतीची जाळी काढते. भिंगापुढे तिचा हात येतो, बांगड्या वाजतात, आणि मग कॅमेऱ्याकडे बघून ती विचारते, "काय गो, जेवलीस का?" मी फोनवर असले तर तिथूनच उत्तर देते. माणूस हालला तरच कळव, अशी सोयही ॲपमध्ये आहे. ती लावल्यावर बराच ताप वाचला. तरी साळिंदर, कोल्हा, परड्यातल्या फणसावर येणारं उदमांजर, हे अधूनमधून दिसतातच, आणि त्यांच्या क्लिपा आमच्या घरच्या ग्रुपवर चोरांपेक्षा कितीतरी जास्त फिरतात.

खरी सूचना आली ती थंडीत, सुपारी खळ्यात वाळत असताना. मध्यरात्र उलटून गेली होती. एक माणूस हातात विजेरी घेऊन बेडं ओलांडून आत आला, खांद्यावर रिकामं पोतं. मी ठाण्यात जागी होते. कॅमेऱ्यातून ओरडता आलं असतं, पण काकू आत एकटी, तिला घाबरवून काय होणार, म्हणून शेजारच्या घरातल्या मुलाला फोन लावला. तो आणि त्याचा भाऊ बॅटऱ्या घेऊन हाका मारत बाहेर आले, आणि तो माणूस पोतं टाकून दगडी गडग्यावरून पळाला. सुपारी राहिली. सकाळी पोलीस पाटलांना क्लिप दाखवली.

या रात्रीबद्दल मी बऱ्याच जणांशी बोलले, आणि सगळे कॅमेऱ्याचं कौतुक करतात. मी त्या दोन पोरांचं करते. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठमोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात अशी तिथली श्रद्धा आहे. कॅमेऱ्याला पाय नाहीत. तो बघतो आणि कळवतो, इथे त्याचं काम संपतं. ठाण्याहून दापोलीला पोचायला मला निम्मा दिवस लागतो, ११२ ला फोन केला तरी गाडी तालुक्याहून घाट उतरून यायची. सूचना आल्यावर ज्याला उठवता येईल असा माणूस वाडीत नसेल, तर आपण फोनवर आपलं घर लुटलं जाताना बघत बसणार. म्हणून कॅमेरा घेण्याआधी शेजाऱ्याशी संबंध नीट करा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आमच्या कॅमेऱ्यात त्यांचंही बेडं दिसतं. त्यांच्या सांगण्यावरून काकूने त्यांनाही बघण्याची परवानगी दिली आहे. राखण दोघांची झाली.

साक्षीचं कायद्याच्या अंगाने काय होतं, तेही महत्त्वाचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याला अर्ज भरण्याची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. उमेदवार अर्जुन खोतकर यांचे अर्ज वेळेत दाखल झाले की नाही यावरून त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. ही प्रत कोणत्या यंत्रातून कशी निघाली हे सांगणारं, कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र त्या चित्रणासोबत नव्हतं. मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की मूळ यंत्र समोर आणलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहे, त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्या फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसाही, त्यात लिहावं लागतं.

तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ एवढाच की क्लिप ॲपमधून मूळ स्वरूपात उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते, म्हणजे ती मूळ फाइल राहत नाही, आणि हॅश जुळत नाही. फोनवरचं चित्र दुसऱ्या फोनने टिपलेलं तर आणखी कच्चं. कॅमेऱ्यावरची तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे अधूनमधून बघा. आणि घाई करा, कारण क्लाउडवर क्लिपा कायमच्या राहत नाहीत. वर्गणीप्रमाणे सात दिवस, तीस दिवस, मग आपोआप पुसल्या जातात. वर्गणी भरायची राहिली तर काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत थेट दृश्य तेवढं दिसतं, मागचं काहीच मिळत नाही.

साक्ष घराबाहेर गेली म्हणजे ती कोणाकडे तरी गेली. तो कोणीतरी आपल्याला अनोळखी असतो, आणि ही गोष्ट मी हलकी मानत नाही. अमेरिकेत मे २०२३ मध्ये घरगुती कॅमेरे विकणाऱ्या रिंग या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ मोकळेपणाने बघता येत होते, आणि एकाने तर बायकांच्या शेजघरांतल्या, न्हाणीघरांतल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ बघितले, असा आरोप होता. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना आपल्या ॲपमध्ये भलत्यांच्याच घरातली चित्रं दिसली. त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्यांतून जावं लागतं. चांगलं झालं. पण त्याने पासवर्ड आपोआप बदलत नाही, आणि दुहेरी पडताळणीही, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवर येणारा कोडही विचारणारी सोय, आपल्यालाच चालू करावी लागते. जुना फोन कोणाला देताना त्यातून ॲपचं खातं काढायचं असतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

एवढं जाणूनही अंगणासाठी मी हा कॅमेरा लावला आणि पुन्हा लावेन. आमचं अंगण, बेडं, वाळत घातलेली सुपारी हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतंच. ते एखाद्या दूरच्या सर्व्हरवर गेलं तर मी ते सोसते. घराच्या आतलं मात्र कोणत्याही कंपनीच्या भरवशावर बाहेर जाऊ देणार नाही.

मध्यंतरी काकू न्हाणीघराच्या पायरीवर घसरली. सुदैवाने हाड मोडलं नाही, पण दादाने आतल्या कॅमेऱ्याचा विषय पुन्हा काढला, आणि या वेळी मलाही त्याचं म्हणणं लगेच खोडता येईना. काकूच म्हणाली, "मी रोज सकाळी तुळशीला पाणी घालते, ते दिसतं ना तुम्हाला? मग झालं." म्हणजे तिची क्लिप आली नाही, तर तीच सूचना. हे ॲप करत नाही, माणसांना करावं लागतं. आम्ही वार वाटून घेतले आहेत. ज्याचा वार, त्याने साडेसातपर्यंत अंगणाची क्लिप बघायची; ती नसेल तर काकूला फोन, तिने उचलला नाही तर शेजारच्या वहिनींना. काकूची एक अट आहे. फोन केला की "का दिसली नाहीस" असं विचारायचं नाही, "कशी आहेस" असं विचारायचं.

दादाने अट मान्य केली. न्हाणीघरात दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून झाले. राऊटरच्या यूपीएसची बॅटरी आता तासाभरातच मान टाकते. ती पावसाच्या आत बदलायची आहे, आणि ते काम माझ्याकडे आहे.